बायका करतात तो क्लाच, बाकीच्यांचा रेडिओ

जर्मन माणूस म्हणजे अबोल, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसत नाही वगैरे जे आपल्याकडे पसरलंय ना, ते पसरवणारा कधी जर्मन बिल्डिंगच्या जिन्यात पाच मिनिटं उभा राहिलेला नसणार. कुचाळक्यांसाठी भाषेत इतके शब्द करून ठेवलेत म्हणजे ही माणसं काय गप्प बसत असतील?

मेन शब्द क्लाच आणि ट्राच, दोघं बहुतेक वेळा जोडीनेच येतात, आपल्या उखाळ्यापाखाळ्यांसारखे. क्लाच हा खरं तर आवाज आहे, ओलं फडकं आपटलं किंवा चापट मारली की येतो तो. टाळ्या वाजवणं म्हणजे क्लाचेन आणि चुगल्या करणं म्हणजे पण क्लाचेन, त्यामुळे नाटक संपल्यावर लोक क्लाचेन करत होते म्हटलं की मला सुरुवातीला दोन्ही चित्रं दिसायची. आणि खरं सांगायचं तर दोन्ही बरोबरच असायची.

आता हे करणारे कोण? क्लाचटांटे, ट्राचटांटे, क्लाचबाझे. टांटे म्हणजे मावशी-आत्या-काकू सगळं एकातच आणि बाझे म्हणजे चुलत-मावस बहीण, जुना शब्द. शिवाय वाशवाइप म्हणजे धुणं धुणारी बाई. एखादा पुरुष फार तोंडाळ असला की त्यालाही वाशवाइपच म्हणतात, म्हणजे पुरुषाने चुगली केली तरी बिल बाईच्या नावावर! क्वासेलश्ट्रिपे त्यातल्या त्यात मजेदार, श्ट्रिपे म्हणजे दोरी, बोलीभाषेत टेलिफोनची लाइन, तर सतत बडबडणारं माणूस म्हणजे चालतीबोलती टेलिफोन लाइन. यात निदान काकू-मावशी नाही.

माझा सगळ्यात आवडता शब्द मात्र व्हिएन्नाचा, बासेनाट्राच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नात कामगारांसाठी भाड्याच्या मोठमोठ्या इमारती उठल्या, 1873 मध्ये डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी पाइपलाइनने शहरात आलं पण या बिऱ्हाडांच्या आत नाही आलं, मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला एक लोखंडी कुंडी आणि वर नळ, तिचं नाव बासेना. संडासपण कॉरिडॉरमध्येच. मग बादली भरेपर्यंत उभं राहायचं आणि बोलायचं, कोणाचं भाडं थकलंय, कोणाकडे रात्री कोण आलं होतं. गिरगाव-परळच्या चाळीत वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. मला यात एक गोष्ट खटकते ती अशी की पाणी भरणं हे त्या बायकांचं काम होतं, दिवसातून कितीदा तरी जड बादल्या उचलायच्या, पण शब्दात राहिलं काय तर त्यांचं बोलणं. धोबिणीचं तेच. राबण्याची जागा तीच बदनामीची जागा.

कॉफीचंही तसंच. कॉफीहाउस मुख्यतः पुरुषांचं, मग बायका एकमेकींच्या घरी जमायला लागल्या आणि लाइपझिगला 1715 मध्ये छापलेल्या बायकांसाठीच्या एका कोशात याची नोंदसुद्धा आहे, ओळखीच्या बायका जमतात, कॉफी पितात, पत्ते खेळतात. पुढे याच बैठकीला काफेक्लाच म्हणायला लागले. पुरुष बिअर घेऊन ठरलेल्या टेबलावर बसून अख्ख्या गावाची धुणी धुतात त्याचं नाव मात्र श्टामटिश, म्हणजे नुसतं नेहमीचं टेबल.

सैनिकांनी पसरवलेल्या अफवेला लाट्रीनेनपारोले म्हणतात, संडासात बसून ऐकलेली बातमी, पण त्यातही पारोले आहे, म्हणजे घोषणा, सांकेतिक शब्द असं काहीतरी भारदस्त. जुन्या पूर्व जर्मनीत पेपर सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे, त्यात खरं काय ते छापून येणार नाही हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे कुठल्या दुकानात संत्री आलीत हे कळायचं बुशफुंकवरून. फुंक म्हणजे रेडिओ, जंगलातला रेडिओ. आणि ऑफिसात चालतो तो फ्लूरफुंक, कॉरिडॉरचा रेडिओ. बघा हां, कॉरिडॉर व्हिएन्नातही होता! तिथे बाई उभी म्हणून ट्राच आणि इथे टाय लावलेला माणूस उभा म्हणून ब्रॉडकास्टिंग.

इथे दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियात गप्पा-चुगल्यांना राचेन म्हणतात ते जरा प्रेमळ आहे. राचे म्हणजे लाकडी खुळखुळ्यासारखं वाद्य, गुड फ्रायडेला चर्चच्या घंटा बंद असतात तेव्हा ते कडकड वाजवतात. आमच्या शेजारच्या आजी दारात अडवून म्हणतात जरा राचेन करू या, आणि मग माझं दूध उतू जातं.

ऑफिसातल्या रेडिओचं काय झालं तर 2020 मध्ये सगळे घरी बसले आणि स्टेशन बंद. कोण सोडून चाललंय, कोणाला प्रमोशन मिळतंय काही कळेना, टीम लीडपासून सगळे अस्वस्थ. मग आमच्याकडे दर गुरुवारी व्हर्च्युअल कॉफीची मीटिंग सुरू झाली, अर्धा तास, अजेंडा नाही, कॅमेरा ऑन ठेवणे, ऑफिसच्या वेळेत, पगारी. निमंत्रणात तिला नेटवर्किंग म्हटलं होतं.