सही येण्याआधीचा ठराव

नवा सरपंच पदावर येतो तेव्हा त्याच्या हातात पैसा नसतो, हे गावाला सहसा ठाऊक नसते. 2026 पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या, निधीतून खर्च करायचा तर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्या लागत, आणि नव्या सरपंचाची सही तयार होऊन प्रणालीत नोंदली जाईपर्यंत आठवडे निघून जात. त्या वर्षाचा आराखडा आधीच्या मंडळाने मंजूर करून ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढवलेला असे आणि निधीचा 60 टक्के वाटा पाणी व स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे दुसरीकडे न वापरता येणारा असे. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत बिनखर्चाची कामेच करता येतात, आणि बिनखर्चाचे सर्वांत सोपे काम म्हणजे माणूस काढणे.

ग्रामसेवक म्हणून मी ज्या ज्या गावांत राहिलो तिथे हा क्रम जवळपास ठरलेला पाहिला: नावाचा फलक, मागच्या कारभाराच्या चौकशीची मागणी, आणि मग पाणी सोडणाऱ्याची गच्छंती, कारण तो मागच्या सरपंचाचा माणूस असतो किंवा तसा समजला जातो.

2022 मध्ये सरपंचाची थेट निवड पुन्हा लागू झाली, त्यानंतर आमच्या गावात सरपंच म्हणून निवडून आलेल्या या ताई. प्रचारात आमचा पाणीपुरवठा कर्मचारी विरोधी पॅनेलच्या गाडीत उघड फिरला होता, त्यामुळे पहिल्याच मासिक सभेत त्याला काढण्याचा विषय ऐनवेळी मांडला गेला. ताईंच्या पॅनेलचे बहुमत होते. त्या दिवशी सकाळी त्यांनी कार्यालयात येऊन मला विचारले होते, ‘‘भाऊसाहेब, माणूस काढायचा तर रीत काय?’’ मी नोटीस, खुलासा, ठराव असा क्रम सांगितला होता, तेव्हा सभेत काय होणार याबद्दल मला शंका नव्हती.

ताईंनी त्याला सभेत बोलावून घेतले आणि एवढेच विचारले, ‘‘मामा, गावात व्हॉल्व्ह किती?’’

‘‘सतरा.’’

दप्तरात नऊ होते. योजना पूर्ण झाल्यावर ठेकेदाराने द्यायचा जलवाहिनीचा नकाशा ग्रामपंचायतीला कधी मिळालाच नव्हता, आणि ज्या अधिकाऱ्यांनी योजनेच्या हस्तांतरणाच्या कागदावर सह्या घेतल्या त्यांनाही त्याची उणीव भासली नव्हती. ताईंनी काढून टाकण्याचा विषय बाजूला ठेवला आणि दुसराच ठराव लिहायला सांगितला: कर्मचाऱ्याने प्रत्येक व्हॉल्व्ह जागेवर दाखवावा, आणि त्याची नोंद ग्रामसेवकाने करावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही जलकुंभापासून निघालो. व्हॉल्व्हची जागा ‘अमक्याच्या घरासमोर’ अशी लिहून भागत नाही, कारण घर पाडून नवे बांधले की खूण जाते. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हचे अंतर आम्ही दोन पक्क्या खुणांपासून टेपने मोजले, त्याची खोली, पाइपाचा व्यास आणि तो पूर्ण उघडायला लागणारे फेरे लिहिले. सिमेंट रस्त्याखाली गाडला गेलेला एक व्हॉल्व्ह तर त्याने पाणी चालू असताना पहार टेकवून, तिला कान लावून दाखवला. मग कळले की वरच्या वस्तीला पाणी चढावे म्हणून तो खालच्या आळीचा व्हॉल्व्ह अडीच फेरेच उघडत असे, आणि खालच्या आळीतले लोक नळाला थेट मोटार लावत म्हणून उन्हाळ्यात दोनच. हे गणित कुठल्याही कागदावर नव्हते. मोटारी लावणारेच ग्रामसभेत कमी दाबाची तक्रार सर्वांत मोठ्याने करतात, हा माझा प्रत्येक गावातला अनुभव आहे.

गोठ्याकडे जाणारी एक इंची जोडणी निघाली, ती पाणीपट्टीच्या मागणी यादीत नव्हती आणि गोठा ताईंच्याच पॅनेलच्या सदस्याचा होता. तो सदस्य सोबत चालत होता. मी लेखणी थांबवून ताईंकडे पाहिले. ‘‘लिहा की,’’ त्या म्हणाल्या, आणि पुढच्या व्हॉल्व्हकडे निघाल्या.

नकाशा दप्तरी लागला आणि त्याची प्रत कार्यालयाच्या भिंतीवर आली. दोन तरुणांना व्हॉल्व्ह फिरवायला शिकवले गेले, त्यामुळे कर्मचारी आजारी पडला की गाव कोरडे, ही अवस्था संपली. या निर्णयाचे तालुक्याच्या बैठकीत कौतुक झाले, मात्र तिथे कौतुक भिंतीवरच्या नकाशाच्या फोटोचे होते, कारण फेऱ्यांच्या तक्त्याकडे कोणी पाहिले नाही.

पण एके दिवशी तो कर्मचारी पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरची गोणी उतरवता उतरवता मला म्हणाला, ‘‘भाऊसाहेब, त्या दिवशी काढलं असतं तर बरं झालं असतं. पाणी बंद पडलं असतं आणि गावानं मला परत बोलावलं असतं.’’ त्याचे म्हणणे खरे होते. ज्याच्या दारात लोक लग्नकार्याच्या आदल्या दिवशी विनवणीला जात, त्याच्याकडे आता कोणी जात नाही. पाणी सोडण्याचे वेळापत्रक भिंतीवर आहे.

ताईंनी त्याला वाचवले की त्याच्याजवळचे होते ते आधी काढून घेतले, हे मला अजून ठरवता आलेले नाही. सभेत त्या त्याच्याशी आदराने बोलल्या आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून दिवसभर उन्हात चालल्या, हे मी पाहिले आहे. नकाशाला सभेची मंजुरी मिळाली त्या संध्याकाळी त्यांनी मला माणूस काढण्याची रीत पुन्हा एकदा विचारली, हेही खरे आहे. मी तोच क्रम सांगितला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला. नोटीस मात्र आजवर निघालेली नाही.