जाण्याआधीचा चीन

२० सप्टेंबर

तिकिटं झाली एकदाची. बीजिंग, पिंगयाव, शीआन, अकरा दिवस. १ ते ७ ऑक्टोबर तिकडे राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते आणि अख्खा देश घराबाहेर पडतो, म्हणून आपण त्यानंतरच्या आठवड्यात. हा, म्हणजे नवरा, संध्याकाळपासून ‘चीनमध्ये शाकाहारी काय मिळतं’ याचे व्हिडिओ बघत बसलाय. मी माळ्यावरून मीना प्रभूंचं ‘चिनी माती’ हे प्रवासवर्णन खाली काढलं. पूर्वी ते लोळत वाचलं होतं, आता पेन्सिल घेऊन बसले.

२४ सप्टेंबर

‘रेझ द रेड लँटर्न’ पाहिला. झांग यिमौचा, १९९१चा. एका श्रीमंताच्या चार बायका. रोज रात्री मालक जिच्याकडे जाणार तिच्या अंगणात लाल कंदील पेटतात, तिच्या तळपायांना मालीश होतं, आणि बाकीच्या तिघी तो आवाज ऐकत बसतात. गोंग लीच्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही. मी लगेच वहीत लिहिलं : ‘कंदिलाची प्रथा – गाइडला विचारणे.’

बरं झालं, विचारायच्या आधी मूळ कादंबरिका वाचली. सू तोंगची. त्यात चार बायका आहेत, विहीर आहे, पण कंदिलांची ती प्रथाच नाही! ती दिग्दर्शकाने रचलेली. चीनमधल्या काही समीक्षकांनी तेव्हाच कुरकूर केली होती, की हे परदेशी पाहुण्यांसाठी मांडलेलं प्रदर्शन आहे. म्हणजे तो पाहुणा मीच.

पुढची गंमत तर त्याहून मोठी. चित्रीकरण झालं ते शान्शी प्रांतातल्या छ्याव घराण्याच्या वाड्यात, पिंगयावच्या जवळच. आम्ही तिथे जाणारच आहोत. आणि या व्यापारी घराण्याच्या नियमांपैकी पहिलाच काय, तर दुसरी बायको करायची नाही. जुगार नाही, अफू नाही, नोकरांचा छळ नाही. चार बायकांची गोष्ट नेमकी त्याच घरात! आता म्हणे त्या वाड्यात ओळीने लाल कंदील लावलेले असतात. सिनेमा पाहून येणाऱ्यांची निराशा नको व्हायला.

त्या भागातले व्यापारी म्हणजे हुंडीवाले. पिंगयावची रशंगछांग पेढी १८२३ची. एका गावी चांदी भरायची, दुसऱ्या गावी कागद दाखवून उचलायची. एकतीस वर्षं बँकेत डिमांड ड्राफ्ट फाडले, त्यामुळे ती पेढी बघायची मला वाड्यापेक्षा जास्त घाई आहे. हे याला सांगितलं नाही. हसेल.

२९ सप्टेंबर

आज ‘टीहाउस’. लाव श यांचं १९५७चं नाटक, त्यावरचा १९८२चा सिनेमा. इंग्रजी अक्षरं खाली इतकी भराभर पळतात की तीनदा थांबवून पाहावं लागलं.

बीजिंगमधलं एक चहाघर. तीन अंक, तीन काळ. १८९८, सुधारणा नुकत्याच मोडून काढलेल्या. मग लष्करशहांची धुमाळी. मग जपानी हरल्यानंतरचे दिवस. मालक वांग लीफा प्रत्येक राजवटीत काहीतरी नवं करून धंदा तगवू पाहतो. मागच्या बाजूला भाडेकरू ठेवतो, ग्रामोफोन आणतो. सगळ्यांना नमस्कार, कुणाशी वाकडं नाही. शेवटी दुकान जातंच.

मला पकडलं ते भिंतीवरच्या पाटीनं. ‘राज्यकारभारावर बोलू नये.’ आमच्या पुण्यात पाट्यांची हौस, पण या पाटीचं वेगळं. नाटककाराने सूचनाच दिली आहे की दर अंकाला पाटीवरची अक्षरं आधीपेक्षा मोठी व्हावीत. पात्रांच्या तोंडी एक वाक्य न घालता काळ कसा आवळत गेला ते सांगून टाकलं. पहिल्या अंकात छांग नावाचा एक सरळ माणूस ‘छिंग राज्याचं आता संपलं’ एवढंच म्हणतो, आणि बाजूच्या टेबलावरचे हेर त्याला उचलून नेतात. तेव्हा पाटी छोटी होती.

शेवटी तीन म्हातारे एकत्र बसतात. छांगने स्वतःच्या मयतासाठी कागदी पैसे जमवून ठेवलेत, आपल्यामागे कोण उधळणार म्हणून. मग तिघं जिवंतपणीच ते स्वतःवर उधळतात, हसत. मी दिवा लावायला उठलेच नाही.

लाव श यांचं पुढे काय झालं तेही वाचलं. ऑगस्ट १९६६, सांस्कृतिक क्रांतीची सुरुवात. माओच्या तरुण पाठीराख्यांनी, रेड गार्ड्सनी, त्यांना मारहाण केली, अपमान केला. दोन दिवसांत त्यांचं प्रेत बीजिंगच्या तायपिंग तळ्यात मिळालं. आज छ्येनमनजवळ त्यांच्या नावाचं चहाघर आहे, पर्यटक जातात. आमच्याही यादीत होतं. आता तिथे बसून चहाचं काय होईल, कोण जाणे.

४ ऑक्टोबर

यू ह्वाची ‘टू लिव्ह’ ही कादंबरी संपवली. सिनेमात (१९९४, पुन्हा झांग यिमौ) जावई आणि नातू तरी उरतात. पुस्तकात म्हातारा फूक्वेइ आणि त्याचा बैल, बस्स. दोघांचं नाव एकच. जास्त लिहवत नाही.

५ ऑक्टोबर

शीआनसाठी ह्युएन त्संग. पाढ्यासारखं पाठ होतं शाळेत, चिनी प्रवासी, हर्षवर्धन, पुलकेशी. आता कळलं, ६४५ साली परत गेल्यावर त्याने नेलेल्या ग्रंथांसाठी तिथे पॅगोडा बांधला, ६५२ साली. महाराष्ट्रातल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत, पण सूड घ्यायचा झाला तर शत्रूला आधी कळवतात. हे याला मोठ्याने वाचून दाखवलं. “म्हणजे तुझ्यासारखे,” म्हणाला.

९ ऑक्टोबर

सासूबाई इतके दिवस माझा सिनेमांचा सपाटा बघत होत्या. आज म्हणाल्या, “अगं, आमच्या डॉक्टरांचा बघितलास का?” त्यांचं माहेर सोलापूर. डॉक्टर म्हणजे द्वारकानाथ कोटणीस, चीन-जपान युद्धात तिकडे जखमींवर उपचार करायला गेलेले.

मग तिघं मिळून ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ पाहिला. शांतारामबापूंचा, १९४६चा, डॉक्टरही तेच आणि त्यांची चिनी बायको चिंग लान म्हणजे जयश्री. चिनी पात्रं बोलतात हिंदी. सिनेमात डॉक्टर प्लेगशी झुंजत जातात. खरे कोटणीस ९ डिसेंबर १९४२ला फेफऱ्याच्या झटक्यांनी गेले, अवघे बत्तीस वर्षांचे. मुलाचं नाव ठेवलं होतं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

“प्लेग नव्हता, आई,” मी म्हटलं. चिनी कंदील उघडे पाडल्यापासून मला ती खोड लागलीये.

“नसेना,” त्या म्हणाल्या. “गेले ना तिथेच?”

रात्री नकाशा उघडला. बीजिंगहून पिंगयावला जाणारी गाडी शिज्याझुआंगवरूनच जाते. त्यांची समाधी तिथल्या हुतात्मा स्मारकात आहे, पुतळाही. याने न कुरकुरता तिकीट बदललं, मध्ये चार तास मिळतात.

सासूबाईंनी बॅगेत सोलापुरी नॅपकिन टाकलाय. म्हणाल्या, “पुतळ्यावर धूळ असेल. पुसून काढ.”