पुसून टाकलेला प्रश्न

प्रोग्रॅमिंगविषयीच्या एका प्रश्नोत्तर संकेतस्थळावर मी मॉडरेटर म्हणून काम पाहते. हे काम बिनपगारी आहे. सदस्यांनी निवडून दिल्यावर ते मिळते, आणि त्यातला बराच वेळ सदस्यांनी केलेले फ्लॅग (एखाद्या लिखाणाकडे आमचे लक्ष वेधणाऱ्या सूचना) वाचून एकेकावर निर्णय घेण्यात जातो. २००८ साली स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रश्नोत्तर संकेतस्थळ सुरू झाल्यावर या क्षेत्रात जी पद्धत रुळली, तीच आमच्याकडेही आहे: प्रश्न आणि उत्तरे सर्वांसाठी खुली असतात, चांगल्या लिखाणाला मते आणि मतांमुळे गुण मिळतात, आणि एका सदस्याने दुसऱ्याला खासगी निरोप पाठवण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नाही. नवख्या माणसाची खरी अडचण या शेवटच्या गोष्टीत आहे, हे एका सकाळच्या प्रकरणाने मला फार जवळून दाखवले.

रांगेत एकाच प्रश्नावर अनेक फ्लॅग आले होते आणि जवळपास सगळ्यांत एकच तक्रार होती: प्रश्नकर्ता स्वतःच्या प्रश्नाची नासधूस करत आहे. संपादनाचा इतिहास उघडला तेव्हा तक्रार खरीच वाटली. प्रश्नकर्त्याने सगळा मजकूर पुसून त्या जागी नुसत्या टिंबांच्या ओळी ठेवल्या होत्या. एका जुन्या सदस्याने मूळ मजकूर परत आणला होता, प्रश्नकर्त्याने तो पुन्हा पुसला, दुसऱ्या कोणीतरी पुन्हा आणला, आणि हा झगडा रात्रभर चालू होता. मजकूर परत आणणाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्या प्रश्नाखाली दोन नेटकी उत्तरे होती, आणि प्रश्नच नाहीसा झाला की उत्तरांना अर्थ उरत नाही. उत्तर देणाऱ्यांचे श्रम असे वाया जाऊ नयेत म्हणूनच, उत्तरे आलेला प्रश्न विचारणाऱ्याला एकट्याने काढून टाकता येत नाही.

प्रश्नकर्ते नवीन होते. त्यांच्या नावावर २१ गुण होते. म्हणजे खाते उघडल्यावर मिळणारा एक आणि या प्रश्नाला पडलेल्या दोन मतांचे वीस. मॉडरेटरपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी तीन ठिकाणी धडपड केलेली दिसत होती. संपादनाच्या टिपणीत ‘कृपया काढून टाका’ असे लिहिले होते, प्रश्नाखालच्या कमेंटमध्येही तेच होते, आणि शेवटी उत्तराच्या चौकटीत त्यांनी लिहिले होते, ‘मॉडरेटर, विनंती आहे, हा प्रश्न आजच्या आज हटवा.’ हे उत्तर नाही म्हणून त्यावरही कोणीतरी फ्लॅग केला होता. कारण मात्र कुठेच दिलेले नव्हते.

अशा विनंत्या आम्हाला नेहमी येतात आणि बहुतेक नाकाराव्या लागतात, कारण उत्तर मिळाल्यावर प्रश्न मिटवून टाकावा असे पुष्कळांना वाटते. पण या माणसाची घाई वेगळी वाटली, म्हणून मी पहिली आवृत्ती ओळीओळीने वाचली. डेटाबेसला जोडणी होत नाही, अशी तक्रार होती आणि खाली कोड दिलेला होता. त्या कोडच्या मधोमध सर्व्हरचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा होता, आणि सर्व्हरच्या पत्त्यावरून तो कामाच्या ठिकाणचा असावा हे उघड होते. मजकूर परत आणणाऱ्या प्रत्येक संपादनाने तो पासवर्ड पुन्हा पहिल्या पानावर आणून ठेवला होता.

मग कारण न लिहिण्याचे कारणही कळले. कमेंट असो, टिपणी असो की उत्तर, यांतले प्रत्येक ठिकाण सार्वजनिक आहे. ‘माझा पासवर्ड इथे राहून गेला आहे’ असे तिथे लिहिणे म्हणजे तो कुठे आहे हे सगळ्या जगाला बोट दाखवून सांगणे. त्यांचे गप्प राहणे शहाणपणाचेच होते. त्यांना एवढेच ठाऊक नव्हते की १५ गुण झाल्यापासून प्रत्येक लिखाणाखाली त्यांच्यासाठी फ्लॅगचा दुवा उघडलेला आहे, त्यात ‘मॉडरेटरने लक्ष घालावे’ असा पर्याय निवडून स्वतःच्या शब्दांत लिहिता येते, आणि ते शब्द इतर सदस्यांना दिसत नाहीत. हे कोणी नव्या सदस्याला आपणहून सांगत नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मी प्रश्न कुलूपबंद केला, कोडमधल्या पासवर्डच्या जागी खोटा शब्द घातला आणि जुन्या आवृत्त्या झाकण्याची प्रक्रिया सुरू केली. झगड्यामुळे तो पासवर्ड अनेक आवृत्त्यांत उतरला होता, त्यामुळे प्रत्येक आवृत्ती वेगळी झाकावी लागली, आणि आमच्याकडे यासाठी दुसऱ्या मॉडरेटरची संमतीही लागते. मात्र सर्वांत आधी मी त्यांना खासगी निरोप पाठवला (मॉडरेटर सदस्याला असा निरोप पाठवू शकतो, आणि सदस्य त्याला उत्तर देऊ शकतो) की पासवर्ड या क्षणी बदला. आमची पाने शोधयंत्रे आणि नक्कल करणारी संकेतस्थळे सतत उचलत असतात. आम्ही काय झाकतो याने तिथल्या प्रती पुसल्या जात नाहीत.

फ्लॅगमध्ये किती लिहावे, असे त्यांनी उत्तरात विचारले. मी त्यांना नमुनाच लिहून दिला: ‘या प्रश्नाच्या पहिल्या आवृत्तीत चुकून खरा पासवर्ड राहिला आहे. मी तो बदलला आहे आणि मजकुरातूनही काढला आहे. जुनी आवृत्ती कृपया झाकावी.’ काय घडले, आपण काय केले आणि आमच्याकडून काय हवे, एवढे कळले की आम्हाला अंदाज बांधावा लागत नाही. विनवण्या आणि मोठी माफी यांची गरज नसते. प्रश्न का बंद झाला, यासारख्या शंकांसाठी मात्र फ्लॅग ही जागा नव्हे. प्रश्न बंद करणाऱ्याला त्याच प्रश्नाखाली नाव घेऊन विचारावे किंवा संकेतस्थळाविषयीच्या चर्चेसाठी असलेल्या मेटा विभागात मांडावे. ज्यांचे १५ गुणही झालेले नाहीत, त्यांनी पानाच्या तळाशी असलेला संपर्काचा दुवा वापरावा. तो निरोप आम्हा स्वयंसेवकांकडे येत नाही, थेट कर्मचाऱ्यांकडे जातो.

पासवर्ड बदलल्याचे त्यांनी दुपारी कळवले आणि सोबत आणखी एक विनंती केली: प्रश्न राहू द्या, पण त्यावरचे माझे नाव काढता येईल का? ते माझ्या अधिकारात नव्हते. त्यासाठी त्याच संपर्काच्या दुव्यावरून, प्रश्नाचा पत्ता देऊन, खाते प्रश्नापासून वेगळे करावे असे लिहायचे असते. मी त्यांना तसे कळवले, आणि जुन्या आवृत्त्या झाकून झाल्यावर प्रश्नाचे कुलूप काढले.