जुनी बोलेरो उन्हात तापते? रेडिएटर बदलण्याआधी हे बघा

मार्च सरला की सोलापुरात जुन्या बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओवाल्यांचं एकच गाऱ्हाणं सुरू होतं: काटा वर चाललाय. त्यावरचे इलाजही ठरलेले. थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका, नाहीतर मोठा रेडिएटर बसवा. पण गाडी नेमकी कधी तापते, हे कुणी विचारत नाही, आणि निम्मं निदान तिथेच असतं.

सात रस्त्याच्या सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि विजापूर रोडला लागल्यावर खाली येतो, तर दोष हवेचा. फॅन, फॅनभोवतीचा प्लास्टिकचा काऊल किंवा कचऱ्याने बुजलेल्या जाळ्या बघा. गावात ठीक, पण तुळजापूरच्या घाटात एसी लावून चढताना तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर पंपाची पाती खाल्ली गेलीत किंवा वॉल अर्धवटच उघडतोय. काटा मनाला येईल तसा वरखाली नाचत असेल तर सिस्टिममध्ये हवा आहे. ही हवा हेड गॅसकेटमधून (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील) येत असेल तर काम मोठं.

हवेची बाजू आधी, कारण ती फुकट आहे. जाळी समोरून स्वच्छ दिसते, पण खरा गाळ एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतो: काळ्या मातीची धूळ, किडे, ऊस हंगामातला पाचटाचा भुसा. रेडिएटरचे वरचे ब्रॅकेट सोडून तो थोडा मागे कलवा आणि इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळीने पाणी मारा. समोरून मारलं तर गाळ आणखी आत बसतो. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरने फिन्स आडव्या होतात आणि कायमची हवा अडते.

पट्ट्यावर चालणाऱ्या फॅनला व्हिस्कस कपलिंग (आत घट्ट तेल असलेला जोड) असेल तर गाडी गरम करून बंद करा आणि पातं हाताने फिरवा. जड लागलं पाहिजे. एका झटक्यात दोन-तीन फेरे मारत असेल तर आतलं सिलिकॉन ऑइल गळालंय, कपलिंग बदला. इलेक्ट्रिक फॅन असेल तर बॅटरीची तार काढल्याशिवाय तिथे हात घालू नका, बंद गाडीतही तो सुरू होऊ शकतो.

आता वॉल. तो काढल्यावर गाडी थंड राहते, हा समज अर्धाच खरा. बऱ्याच इंजिनांत वॉलच्या खालची चकती, वॉल उघडला की बायपासचा रस्ता बंद करते. वॉलच नसेल तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरत राहतं आणि भर उन्हात गाडी जास्तच तापते. थंडीत उलट होतं. इंजिन गरमच होत नाही, ऑइलमध्ये गाळ धरतो, सीआरडीआय (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनाची) गाडी डिझेल जास्त पिते.

वॉल तपासायला मेस्त्री लागत नाही. थंड वॉलच्या बंद ओठांत दोरा अडकवून तो पाण्याच्या भांड्यात लोंबकळत ठेवा. शेजारी थर्मामीटर, खाली गॅस. ज्या क्षणी वॉल दोऱ्यावरून सुटून खाली पडतो, ते त्याचं उघडण्याचं तापमान. वॉलवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे चालेल. बसवताना छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निसटते.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचं झाकण. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर चिरलं की दाब गेला, मग १०० लाच उकळी. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाईप चपटा झालेला दिसला, तर झाकणातला परतीचा छोटा वॉल अडकलाय. नवं झाकण घेताना जुन्यावरचा आकडा बघूनच घ्या. जास्त दाबाचं बसवलं तर जुने पाईप फुटतात.

आणि पाणी. बोअरचं पाणी गीझरच्या कॉइलचं काय करतं ते घरोघरी माहीत आहे, रेडिएटरच्या नळ्यांतही तेच होतं. बॅटरीच्या दुकानात डिमिनरलाइज्ड पाण्याचा कॅन मिळतो, तोच वापरा. आतून पांढरे क्षार दिसत असतील तर गाडी थंड असताना जुनं पाणी काढा, १० लिटरला साधारण ३०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून भरा, हीटरचा नॉब गरमवर ठेवून अर्धा तास आयडल चालवा, कोमट झाल्यावर सोडून द्या. मग स्वच्छ पाण्याने, गढूळपणा जाईपर्यंत धुवा. फार जुन्या रेडिएटरमध्ये कधीकधी क्षारांनीच भोक बुजवलेलं असतं, ते धुतल्यावर गळायला लागतं. तांब्या-पितळेचा असेल तर डाग देणारा कारागीर तो सहज दुरुस्त करतो. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक टाकीच्या जोडात चीर असेल तर नवाच घ्यावा. हळद टाकून गळती थांबवायची युक्ती घरापर्यंत पोचवते, पण तीच हळद पुढे हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते.

भरताना एक गोष्ट चुकते. ब्लॉकमध्ये धुण्याचं पाणी शिल्लक राहतं, त्यामुळे कूलंट आणि पाण्याचं तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होतं. मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता १० लिटर असेल तर आधी ४ लिटर घट्ट (पाणी न मिसळलेलं) कूलंट ओता, मग मावेल तेवढं डिमिनरलाइज्ड पाणी. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, ४० टक्के पुरे. रंग सारखा म्हणून दोन जातींचं कूलंट मिसळू नका, काही वेळा त्याची जेली होते. काढलेलं कूलंट अंगणात सोडू नका. ते गोड लागतं, कुत्री-गुरं पितात, आणि ते विषारी आहे.

हवा काढायला गाडीचं नाक चढावर ठेवा, झाकण उघडं, हीटर गरमवर, इंजिन आयडलला. वरचा पाईप अधूनमधून दाबा. बुडबुडे थांबले की पातळी भरून झाकण लावा. बुडबुडे थांबतच नसतील, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात पाईप दगडासारखा कडक होत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली, तर हेड गॅसकेट. तिथे घरचं काम संपलं.

रस्त्यात तापली तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. काटा लाल रेषेत गेला की थांबा. वरचा पाईप हाताने सहज दाबता येईपर्यंत झाकणाला हात लावू नका, इंजिनवर गार पाणी तर मुळीच नको, हेडला तडा जातो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला तरी खूश होऊ नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडल्यावरही तसंच होतं.

हौसेच्या फिटिंगचाही यात वाटा असतो. बुलगार्डवर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच बंदी आणली, पण जादा दिवे आणि मोठे हॉर्न जाळीसमोर लावले की हवा तितकीच अडते. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ टायर टाकले तर चाकाचा व्यास ३० मिलिमीटर वाढतो. मीटर ८० दाखवतं तेव्हा गाडी ८३ ने जात असते आणि घाटात इंजिनावर ताण वाढतो. जादा इलेक्ट्रिक फॅन बसवायचाच असेल तर तो कंडेन्सरपुढे, स्वतःच्या ब्रॅकेटवर, ३० अँपिअरचा रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) आणि बॅटरीजवळ फ्यूज देऊन. फिन्समधून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या काड्यांनी तो टांगू नका, थरथरून त्या नळीला भोक पाडतात. आणि लावल्यावर कागद धरून बघा: जाळीकडे ओढला गेला पाहिजे. तारा उलट जोडल्या तर फॅन समोरून येणारी हवाच उलट बाहेर ढकलतो.