पोलादी फ्रेमचं पिस्तूल

आज राजेंद्रनगरात, फौजेतून निवृत्त झालेल्या काकांकडे पोहे खाता खाता दुपार कशी गेली कळलंच नाही. विषय एकच, ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल! त्याची रचना सुरू करणारे जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये गेले. त्यांचं अपुरं काम द्यूदोने सेव्ह यांनी पुरं केलं आणि १९३५ मध्ये हे पिस्तूल आलं. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, आणि तेही त्या काळात! आपल्या फौजेसाठी ते ईशापूरच्या सरकारी बंदूक कारखान्यात बनायचं. होल्स्टरमध्ये घासून स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, कडांचा काळा रंग उडतो, खालचं पोलाद चमकायला लागतं, हे सांगताना काकांचा अंगठा हवेतच हॅमर, म्हणजे पिस्तुलाचा घोडा, मागे ओढत होता. पॉलिमरच्या, म्हणजे मजबूत प्लास्टिकच्या, फ्रेमची पिस्तुलं हलकी, सोयीची, मान्य. पण पोलादी फ्रेमचं वजन धक्का पचवतं, नेम पटकन जागेवर येतो. मला पोलादीच आवडतात.