पाय बांधलेला करकोचा

बेळगाव जिल्ह्यातल्या धुपदाळच्या बाजूचं एक गाव. पौषातली थंडी, जनावरांना लाळ-खुरकूतची लस टोचायचं काम चाललेलं. किती टोचली तो आकडा संध्याकाळपर्यंत वर कळवायचा असतो, त्यात पक्ष्याला रकानाच नाही. तेवढ्यात फोन आला, "डॉक्टर, हरभऱ्यात क्रौंच पडलाय, लवकर या की ओ."

बघितलं तर कांड्या करकोचा. राखाडी अंग, काळी मान, छातीवर लोंबणारी काळी पिसं, डोळ्यामागं पांढरा तुरा, लालभडक डोळा. करकोच्यांत हा सगळ्यात लहान. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो, आणि इथं विजेच्या तारेनं पाडला. कुणीतरी डोक्याला कुंकू लावलं होतं. आजोबांनी त्याचे पाय दुमडून धोतराच्या पट्टीनं बांधले होते आणि पहाटेपासून बुट्टीत बसवलं होतं. "धडपडून पाय मोडून घेईल म्हटलं. कोंबडीला बांधतोय तसं बांधलं."

पंखाचं काम मला जमलं. दंडाचं हाड पोकळ, थेट हवेच्या पिशव्यांना जोडलेलं. ते उघडं पडलं असतं तर जखम सलाईननं धुणंसुद्धा जिवावर बेततं. इथं मोडलं होतं कोपराखालचं, तेही कातडी न फाटता. चोच डोळ्यावर येते म्हणून आधी त्याच्या डोक्यावर माझा पायमोजा चढवला. अंधार झाला की पक्षी गप्प होतो. मग पंख घडीत बसवून आठच्या आकड्याची पट्टी. इतकी नीट पट्टी मी क्वचितच बांधली असेल.

पाय सोडले, तर उभा राहीना. लांब पायांच्या पक्ष्यांत हे होतं: पकडल्यावरची धडपड आणि दुमडलेले पाय, यात मांडीचे स्नायू मरायला लागतात. कांड्या करकोचा झाडावर बसत नाही, मागचं बोट आखूड आणि वर असतं, फांदी धरता येत नाही. झोपतो तोही उथळ पाण्यात उभ्यानंच. म्हणून पोत्याला दोन भोकं पाडून खाटेखाली झोळी टांगली, सलाईन दिलं, वासरांना देतो ते ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं औषध दिलं.

भोवती मोबाईल घेऊन अख्खं गाव. एका गुरुजींनी 'मा निषाद' म्हणून दाखवलं. वाल्मीकींचा क्रौंच म्हणजे सारस, असं मानणारे अभ्यासक आहेत, पण ते तिथं कोण ऐकणार? वर एक करकोचा घिरट्या घालत होता, तो लगेच जोडीदार ठरला. असेलही. गर्दी हटवा म्हणून ओरडलो, तर लोक श्रद्धेनं आणखी जवळ आले.

तिसऱ्या दिवशी गेला. शवविच्छेदनात मांडीचे स्नायू उकडलेल्या मटणासारखे फिके. "तार लिहा आणि मिटवा," असं वरून आलं. मी पंख तारेनं मोडला आणि जीव स्नायूंमुळं गेला, असं दोन्ही लिहिलं.

आजोबांचा रोज फोन यायचा. शेवटी विचारलं, "तारेनंच गेला न्हवं?" मी हो म्हटलं. तार नसती तर पाय बांधायची वेळच आली नसती, म्हणून ते अगदी खोटंही नाही. पण पुढच्या थंडीत त्यांच्या हरभऱ्यात दुसरा पडला, तर ते आधी धोतरच फाडणार.