माळव्याच्या काळ्या मातीत उतरणारी गाडी कशी असावी

गेल्या काही वर्षांत इंदूरमध्ये फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, गाड्या इतक्या वाढल्या आहेत, की विजयनगरच्या सिग्नलवर एका वेळी महिंद्राच्या दोन-तीन थार उभ्या दिसल्या तरी कुणी मान वळवून पाहत नाही. घरी लग्नकार्य असो की गणपती, कुणीतरी भाचा किंवा शेजारचा मुलगा बाजूला घेऊन हमखास विचारतो, "काका, खरी ऑफ-रोड गाडी कोणती?" आणि त्याच्या हातातल्या मोबाइलवर अश्वशक्तीचे, टॉर्कचे (म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचे) आणि सनरूफचे तक्ते आधीच उघडलेले असतात. माझे उत्तर त्याला बहुधा निराश करते. इंजिन किती जोर निर्माण करते यावर अशा गाडीचे मोठेपण फारसे ठरत नाही. तो जोर चारही चाकांतून जमिनीपर्यंत किती सावकाश, किती सलग आणि किती नेमकेपणाने पोचतो, हे पाहावे लागते. ज्या गाडीची ही साखळी कुठेच तुटत नाही ती चांगली, आणि तुटलीच तर जी रानात, हाताशी असलेल्या पान्यांनी जोडता येते ती थोर.

आपल्या भागात ही परीक्षा दोन अगदी भिन्न प्रकारच्या जमिनींवर होते. पठारावर काळी माती आहे आणि दक्षिणेकडे, जिथे पठार संपून विंध्याची कड निमाडात उतरते, तिथे बेसाल्टचे खडक आणि ओढ्यांतले गोटे आहेत. "मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर" ही म्हण शेतकऱ्याच्या तोंडी कौतुकाची असली, तरी पावसाळ्यात स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला ती धोक्याच्या सूचनेसारखी वाटावी. काळी माती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पहिल्या दोन पावसांनंतर अशी चिकट होते, की टायरच्या खाचा शंभर पावलांत बुजून जातात. वरून पाहावे तर दणकट नक्षीचा मड टायर, प्रत्यक्षात मातीचा गुळगुळीत रूळ.

म्हणूनच माझ्या लेखी पहिला मान टायरचा. गाडी कितीही महाग असली तरी तिचा जमिनीशी संबंध तळहाताहून थोड्या मोठ्या चार ठिकाणीच येतो, आणि शोरूममधून मिळणारे टायर बहुतेक वेळा डांबरी रस्त्यावरचा आवाज आणि इंधनाचा खप लक्षात घेऊन निवडलेले असतात. ज्याला आठवड्यातले सहा दिवस ऑफिसला जायचे आहे आणि रविवारी चोरलच्या बाजूला उतरायचे आहे, त्याला ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या जमिनींवर चालणारे, टायर पुरतात. मड टायर चिखलात सरस असतात, पण ओल्या डांबरावर ते कमी पकड देतात आणि महामार्गावर त्यांची घरघर डोके उठवते. रुंदीबाबतही एक समज तपासून घ्यावा. रुंद टायर वाळूत तरंगतो, हे खरे. परंतु जिथे चिखलाचा थर वीतभर आहे आणि खाली मुरूम लागतो, तिथे अरुंद टायर माती कापून त्या मुरमापर्यंत पोचतो. जुन्या जीपला 6.00-16 मापाचे सडपातळ टायर असत आणि रुंद चाकांची दिमाखदार गाडी जिथे घसरत राहते, अशा पठाराच्या कडेच्या शेतवाटांवर त्या जीप मुकाट्याने निघून जात, याचे कारण हेच आहे. मात्र भर शेतात, जिथे काळी माती पुरुषभर खोल आहे, तिथे अरुंद टायरही खाली काहीच सापडत नसल्यामुळे एक्सल टेकेपर्यंत रुतत जातो.

टायरपेक्षाही स्वस्त, किंबहुना फुकट, असा एक उपाय बहुतेकजण वापरतच नाहीत. रस्त्यावर ज्या टायरमध्ये 28 ते 30 पीएसआय हवा ठेवतो, तीच मऊ जमिनीवर 18 ते 20 पर्यंत उतरवली की टायर बसका होतो आणि त्याचा जमिनीवरचा ठसा, रुंदीपेक्षा लांबीने, वाढतो. ट्रान्सपोर्ट नगरातल्या ज्या मिस्त्रीकडे मी गाडी नेतो, त्याला अडकलेल्या गाडीसाठी फोन केला तर दोरखंड घेऊन निघण्यापूर्वी तो एवढेच विचारतो, "भिया, हवा निकाली क्या?" अनेकदा त्याला यावेच लागत नाही. पंधराच्या खाली मात्र जाऊ नये, कारण मग वळणावर टायर रिममधून सुटू शकतो. आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरण्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत असलाच पाहिजे.

आता यंत्राकडे वळू. चारही चाकांना जोर मिळतो म्हणून गाडी अडकणार नाही, हा सर्वांत लोकप्रिय गैरसमज आहे. विंध्याच्या कडेवरून खाली उतरणारी एखादी शेतवाट जिथे ओढा तिरकी ओलांडते, तिथे थांबून पाहावे: गाडीचे पुढचे डावे चाक गोट्यावर चढलेले असते, मागचे उजवे चाक पलीकडच्या कडेवर, आणि उरलेली दोन चाके, एक पुढे व एक मागे, अर्धी हवेत लोंबकळत असतात. ॲक्सिलरेटर दाबला की ही दोन चाकेच गरगर फिरतात, त्यांच्यावरचे चिखलाचे गोळे टपावर आपटतात, आणि ज्या दोन चाकांवर गाडीचा सारा भार आहे ती ढिम्म हलत नाहीत. हा दोष साध्या डिफरन्शियलचा, म्हणजे एक्सलवरच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरांच्या जोडणीचा, आहे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापता यावे म्हणून ते बनवलेले असते आणि त्याच्या रचनेमुळे दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो. एका चाकाला पकडच नसेल तर त्याला फिरवायला लागतो तेवढाच क्षुल्लक जोर दुसऱ्याच्याही वाट्याला येतो.

यावर दोन इलाज आहेत. पहिला, चाके हवेत जाऊच न देणे. अखंड एक्सल असलेल्या गाडीत एक चाक वर ढकलले गेले की तोच एक्सल तरफेप्रमाणे दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, त्यामुळे स्प्रिंगा पुरेशा लवचिक असतील तर चारही चाके जमीन सोडत नाहीत. मारुतीची जिम्नी आणि फोर्सची गुरखा या गाड्यांना पुढे-मागे असे एक्सल आहेत. 2020 साली आलेल्या नव्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत, ज्यामुळे ती महामार्गावर पूर्वीच्या थारपेक्षा कितीतरी शहाण्यासारखी वागते, पण गोट्यांत तिचे पुढचे चाक लवकर उचलले जाते. दुसरा इलाज म्हणजे डिफरन्शियल लॉक करणे, म्हणजे दोन्ही चाके जणू एकाच दांड्यावर बसवल्याप्रमाणे बरोबर फिरवणे. गुरखामध्ये पुढचे आणि मागचे अशी दोन्ही डिफरन्शियल चालकाला स्वतःहून लॉक करता येतात. थारच्या काही आवृत्त्यांमध्ये मागचे डिफरन्शियल चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की आपोआप लॉक होते. आणि जिम्नी हेच काम फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून करून घेते. ब्रेकवाली पद्धत हलकी आणि स्वस्त असली तरी चाक आधी घसरल्याशिवाय ती जागी होत नाही, आणि काळ्या मातीत एकदा घसरलेले चाक स्वतःचा खड्डा खणू लागते. मला त्यामुळे चालकाच्या हातातला लॉक अधिक भरवशाचा वाटतो. अडचण दिसण्यापूर्वी तो लावता येतो.

छोट्या गिअरबद्दल, म्हणजे लो रेंजबद्दल, इतकेच सांगतो की तो नसलेल्या गाडीला मी या चर्चेत धरतच नाही. ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलांकडे जोर धाडणाऱ्या पेटीतला, हा गिअर पडला की वेग घटतो आणि चाकावरचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. जिम्नीत सुमारे दुप्पट, थारमध्ये जवळजवळ अडीचपट. थारच्या डिझेल इंजिनाचा 300 न्यूटन मीटर टॉर्क मिनिटाला 1600 फेऱ्यांपासूनच मिळतो, तर जिम्नीच्या पेट्रोल इंजिनाचा सारा 134 वर आटोपतो, आणि तरीही योग्य गिअरमध्ये जिम्नी त्याच चढावर दमत नाही. चढण्यापेक्षा उतरताना या गिअरची किंमत अधिक कळते. ओल्या मुरमाच्या उतारावर ब्रेक दाबला की चाके थांबतात आणि गाडी घसरगुंडीवर बसल्यासारखी निघते. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये, क्लच आणि ब्रेक दोन्हींवरून पाय काढून, इंजिनाच्या अडवणुकीवरच गाडी पायी चालणाऱ्याच्या गतीने खाली येते. चिखलाचे गणित मात्र उलटे आहे: तिथे पहिला गिअर फार हळू पडतो, टायरमधली माती फेकली जावी इतका तरी चाकाला वेग हवा, म्हणून लो रेंजचा दुसरा किंवा तिसरा गिअर घेऊन एका दमात पार व्हावे लागते.

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीच्या पोटाच्या जमिनीपासूनच्या उंचीचा, आकडा सगळे विचारतात. दोन एक्सलांमधले अंतर क्वचितच कुणी विचारते. तीन दारांच्या जिम्नीत हे अंतर 2250 मिलिमीटर आहे. भारतात 2023 साली आलेल्या पाच दारांच्या जिम्नीत ते 2590 झाले आणि पोट न घासता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन 28 अंशांवरून 24 अंशांवर उतरला. जमिनीपासूनची उंची दोघींची सारखीच, 210 मिलिमीटर. शेताच्या बांधावर पोट टेकून झुलणारी गाडी पाहिली की हे चार अंश काय असतात ते उमगते. कुटुंबासाठी मागे दारे हवीत हे मान्यच आहे, पण दारे वाढली की बांध ओलांडण्याची वाट निवडून घ्यावी लागते.

वजनाबद्दल माझे मत थोडे एकांगी आहे आणि ते तसेच राहू द्यावे असे वाटते. 1985 साली आलेली मारुतीची जिप्सी जेमतेम एक टन वजनाची होती, पाट्यांच्या स्प्रिंगांमुळे तिच्यात बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत, तरी लष्कराने ती अनेक दशके वापरली. फॉर्च्युनरचे वजन दोन टनांहून जास्त आहे. तिच्या दणकटपणाबद्दल मला आदर आहे, पण काळ्या मातीत रुतल्यावर जिप्सी चार माणसे ढकलून काढतात आणि फॉर्च्युनरसाठी ट्रॅक्टर शोधत गावात जावे लागते. एकटी जाणारी गाडी जड असेल तर तिच्यावर पुढे-मागे चेसिसला पक्के जोडलेले हूक आहेत की नाही हे आधी पाहावे. बंपरला लावलेली शोभेची कडी ओढताना निसटली की ती गोळीसारखी सुटते.

दुरुस्तीच्या सोयीला मी टायरच्या खालोखाल मान देतो. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली आणि तिचे वंशज देशभर इतके पसरले, की आजही लहानशा गावातला मिस्त्री प्रॉपेलर शाफ्टचा (एक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, झाडाखाली बसून बदलू शकतो. गुरखा तर आपल्या शेजारी पीथमपूरलाच बनते. त्याच पीथमपूरला गाड्यांच्या चाचणीसाठी 11.3 किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा ट्रॅक 2021 साली सुरू झाला, हा योग मला गमतीचा वाटतो. नव्या गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक सोयी मला नकोत असे नाही, उतारावर वेग राखणारी यंत्रणा नवशिक्याला मोठा आधार देते. फक्त पाण्यात भिजलेल्या एका सेन्सरमुळे ट्रान्सफर केस हुकूम ऐकेनासा झाला तर झाडाखालच्या मिस्त्रीकडे त्यावर औषध नसते. म्हणून जिथे निवड करता येते तिथे मी हाताने पडणारा लिव्हर निवडतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी सजावटीवर, दिव्यांच्या पट्टीवर आणि स्नॉर्केलवर (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणाऱ्या नळीवर) भाळण्याआधी खाली झोपून पाहावे. चेसिसच्या आतल्या बाजूला गंज आहे का, क्रॉसमध्ये ग्रीस भरलेले दिसते की कोरडी लाल धूळ, हे तपासावे. मोकळ्या मातीच्या जागेवर लो रेंज टाकून पाहावी. वर्षानुवर्षे न वापरलेला लिव्हर अनेकदा जाम झालेला असतो. ही चाचणी कोरड्या डांबरावर करू नये, कारण वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांनी कापलेले अंतर वेगळे असते आणि मधले डिफरन्शियल नसलेल्या गाडीत तो ताण थेट गिअरांवर येतो. शेवटी दोन्ही डिफरन्शियलचे बोल्ट उघडून तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले तर गाडी खोल पाण्यातून गेलेली आहे आणि ब्रीदर नळीतून, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, पाणी आत शिरले आहे. अशा वेळी किमतीची बोलणी तिथेच थांबवून, दोन्ही डिफरन्शियल खोलून बेअरिंग दाखवण्याची अट विकणाऱ्याला घालावी.